'कोर्ट' संपतो तेव्हा

झाडीपट्टीतला प्रेक्षक नाटकाला बसतो तो रात्रभरासाठी. दिवाळीनंतर चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत शंकरपट आणि मंडई भरतात, मंडप पडतात आणि गाणी, विनोद, रडणे पहाटेपर्यंत चालते. शेवटी दुष्टाला त्याचे फळ मिळते. या सवयीने चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' पाहायला बसलेला माणूस चुळबुळ करू लागला, तर त्यात नवल नाही.

व्हेनिसच्या महोत्सवात 2014 साली गौरवलेल्या आणि पुढे राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेल्या या चित्रपटात खलनायकच नाही. नारायण कांबळे या वृद्ध लोकशाहिरावर आरोप असा, की त्याचे गाणे ऐकून एका सफाई कामगाराने गटारात उतरून जीव दिला. ही भूमिका नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली. 2021 साली कोरोनाने ते गेले. कामगाराची विधवा साक्ष देते, की नवरा आधी गटारात खडा टाकायचा. झुरळे बाहेर आली तर आत हवा आहे असे समजायचा. आरोप इथेच गळून पडावा. पण पडते ती पुढची तारीख.

राग काढावा तरी कोणावर? सरकारी वकीलबाई घरी जाऊन स्वयंपाक करतात, न्यायाधीश नियमाने वागतात. कॅमेराही बहुधा एकाच जागी उभा असतो. ताटकळणे आपल्याही वाट्याला येते, आणि माझ्या मते अस्वस्थतेचे मूळ तेच.

जामिनावर सुटलेल्या कांबळेला बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्याखाली पुन्हा पकडतात. न्यायालयाला उन्हाळी सुटी लागते, दिवे मालवतात, पडदा काळा होतो. संपला म्हणून आपण चप्पल शोधू लागतो, तोच न्यायाधीशांची सहल सुरू होते! बाकावर डुलकी घेणाऱ्या साहेबांना मुले ओरडून जागे करतात. ते एकाला चापट मारतात आणि पुन्हा डोळे मिटतात. खरा शेवट हा.

गडचिरोलीला हा कायदा परका नाही. नक्षली हिंसेत पोलीस आणि आदिवासी दोघेही मेले आहेत. कायदा कडकच हवा, असे म्हणणारेही इथे आहेत. मार्च 2017 मध्ये गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने प्रा. जी. एन. साईबाबा आणि इतर चौघांना याच कायद्याखाली जन्मठेप दिली, सहाव्याला दहा वर्षे. मार्च 2024 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सर्वांना निर्दोष सोडले. त्यांतला एक 2022 सालीच कैदेत वारला होता. साईबाबा सुटकेनंतर सात महिन्यांनी गेले.