मुंबई ते जेद्दाह: अंतर किती, वेळ किती आणि एहराम कधी?

उमराहचं तिकीट हातात आलं की घरात पहिला सवाल येतो, "विमान किती तासांचं आहे?" तिकिटावर मुंबईहून सकाळी 10 ला सुटणार आणि जेद्दाहला दुपारी 1 ला पोहोचणार असं दिसतं, मग लोक म्हणतात, तीन तासांचाच तो प्रवास! तसं नाही.

मुंबई ते जेद्दाह हवाई अंतर सुमारे 3500 किलोमीटर आहे. थेट विमानाला साधारण पाच ते साडेपाच तास लागतात. सौदीचं घड्याळ आपल्या अडीच तास मागे आहे. तिकिटावर दोन्हीकडची स्थानिक वेळ छापतात, म्हणून साडेपाच तासांचे तीनच दिसतात. परतीच्या वेळी उलटं होतं. जेद्दाहहून रात्री 8 ला निघालेलं विमान पाच तासांनी मुंबईत उतरतं, तेव्हा इथे पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात आणि तारीखही बदललेली असते. घ्यायला येणाऱ्यांना तारीख नीट सांगून ठेवा.

रोज्यात प्रवास असेल तर लक्षात घ्या, पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो. इफ्तार मुंबईच्या घड्याळाप्रमाणे नाही, तुम्ही जिथे आहात तिथला सूर्य मावळल्यावरच.

आता सर्वात महत्त्वाची गोष्ट. मीकात म्हणजे जिथून एहरामशिवाय पुढे जायचं नाही ती हद्द. आपल्याकडून जाणारी विमानं साधारण ताइफजवळच्या कर्न-अल-मनाज़िल या मीकातच्या बाजूने जातात. ही जागा जेद्दाहच्या अलीकडे आहे, म्हणजे उतरण्याच्या साधारण वीस-तीस मिनिटं आधीच मीकात मागे पडते. बहुतेक उलमांच्या मते जेद्दाहला उतरून एहराम बांधणं म्हणजे उशीर. तसं झालं तर परत मीकातवर जावं लागतं, नाहीतर दम, म्हणजे कुर्बानी द्यावी लागते.

म्हणून:

- एहरामच्या चादरी हातातल्या बॅगेत ठेवा. मोठ्या बॅगेत टाकल्या तर त्या विमानाच्या पोटात जातात, मिळत नाहीत.
- पुरुषांनी घरी किंवा विमानतळावरच चादरी नेसाव्यात. विमानातल्या छोट्या बाथरूममध्ये वयस्कर माणसांचे हाल होतात.
- नियत आणि तलबिया मीकातच्या आधी करा. काही विमानांत घोषणा होते, पण तिच्यावर विसंबू नका. झोप लागण्याची भीती असेल तर नियत आधीच करून घ्या.
- दुबई किंवा रियाधला विमान बदलायचं असेल तर नियत दुसऱ्या विमानातही करता येते, कारण ही दोन्ही शहरं मीकातच्या अलीकडे आहेत.

पहिल्यांदा मदिनेला जाणार असाल तर मुंबईहून एहरामची गरज नाही. मदिनेहून मक्का सुमारे 450 किलोमीटर आहे, आणि निघताना शहराजवळच ज़ुल-हुलैफा ही मीकात लागते. तिथे एहराम बांधा.

शंका असेल तर निघण्याआधीच आपल्या मौलानांना विचारून घ्या. आकाशात विचारायला कोणी मिळेलच असं नाही.