बाबेलचा बुरूज, करवीरचा कोल्हासूर

करवीरच्या, म्हणजेच कोल्हापूरच्या, शिवाजी पेठेतल्या पोराला कोल्हासूर वेगळा सांगावा लागत नाही. देवी अंबाबाईने मारलेला हा उन्मत्त असुर. मरताना मागितलेल्या वरामुळे गावाला त्याचं नाव मिळालं, अशी करवीरची कथा. बायबलचा देव एवढा उदार नाही. 'उत्पत्ती'च्या ११व्या अध्यायात माणसं नाव कमवायला गगनचुंबी बुरूज बांधतात. पृथ्वी व्यापण्याची आज्ञा डावलून त्यांना एकाच जागी राहायचं असतं. देव भाषांचा गोंधळ करतो, काम थांबतं. नबुखद्नेस्सर राजाची गत आणखी वाईट. बाबेल नगरी आपणच उभारली अशी फुशारकी मारताच बैलासारखं गवत खायची पाळी ('दानीएल', अध्याय ४). शुद्धीवर आल्यावर राज्य परत मिळतं, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही.