पवनीच्या स्तूपाभोवती वेबची प्रदक्षिणा

भंडारा जिल्ह्यातली पवनी वैनगंगेच्या काठी आहे. एका अंगाला नदी, उरलेल्या बाजूंना मातीचा जुना तट आणि खंदक. गावालगतच्या जगन्नाथ टेकडीवर मंदिर आहे आणि त्याच टेकडीच्या पोटात एक विटांचा स्तूप आहे. नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी १९६९-७० साली शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली इथे उत्खनन केले. तेव्हा या स्तूपाचा व्यास सुमारे ३८ मीटर भरला, तर हरदोलाला टेकडीवरचा दुसरा स्तूप त्याहूनही मोठा निघाला. सांचीच्या महास्तूपाचा व्यास सुमारे ३६.५ मीटर आहे, एवढे सांगितले की पवनीची थोरवी लक्षात येते. तरीही सांची पाहिलेली माणसे शेकड्यांनी भेटतात आणि पवनीच्या नावावरून बहुतेक जणांना उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यातला वाघच आठवतो.

स्तूप ही मुळात फिरून वाचायची वास्तू आहे. भोवतीच्या दगडी कठड्याला वेदिका म्हणतात. पवनीच्या वेदिकेच्या स्तंभांवर शिल्पे आहेत आणि दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरली आहेत. एका शिल्पावर मुचलिंद नागाचे नावच कोरलेले आहे. वादळात बुद्धावर फणा धरणारा हा नाग. ही शिल्पे घडली त्या काळी बुद्धाची मूर्ती घडवत नसत, खुणांमधूनच त्याचे असणे सुचवत. भाविक प्रदक्षिणेला निघाला की एक नाव, मग एक कथा, मग दुसरे नाव असे एकेक समोर येई. मजकूर जागेत मांडलेला आणि पाय हेच तो उलगडण्याचे साधन. संगणकवाल्यांना हीच कल्पना पुष्कळ उशिरा सुचली.

मे १९९४ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत वर्ल्ड वाइड वेबची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. मार्क पेसी आणि टोनी पॅरिसी यांनी तिथे ‘लॅबिरिंथ’ नावाचा प्रयोग मांडला. वेबची पाने उलटत बसण्याऐवजी माणसाने त्यांच्यामधून चालत जावे, हा त्यामागचा विचार. त्यातून व्हीआरएमएल ही भाषा आकाराला आली. तिच्यातली फाइल साधा मजकूरच असते: इथे घन ठेव, त्याला हा रंग दे, तो एवढा फिरव. खरी गंमत ‘अँकर’ नावाच्या सोयीत होती. कोणत्याही वस्तूला वेबचा पत्ता जोडता येई, म्हणजे दारावर क्लिक केले की दुसऱ्या संगणकावरचे दुसरे जग उघडायचे. १९९७ साली या भाषेला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला.

पण लोक काही चालायला निघाले नाहीत. भारतात १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्या सुमाराच्या २८.८ किलोबिटच्या मोडेमवर एक मेगाबाइटचे ‘जग’ उतरायला जवळजवळ पाच मिनिटे लागत. संथ तारांपेक्षाही मोठे कारण दुसरे होते, असे मला वाटते. बातमी, रेल्वेचे वेळापत्रक, बाजारभाव यांना खोलीच नसते. सपाट पानावर जे एका नजरेत दिसते, ते शोधायला दालनांतून भटकायचे कोणी?

२००३ साली लिंडन लॅबने ‘सेकंड लाइफ’ हे त्रिमिती जग सुरू केले, तेव्हा लोक तिथे नुसते फिरले नाहीत, तर घरे बांधून राहू लागले. २०१० मध्ये तिथल्या भिंतीवर, टेबलावर, कुठल्याही पृष्ठावर जिवंत वेबपान लावण्याची सोय झाली. मात्र या जगात शिरायला वेगळे सॉफ्टवेअर हवे होते. ती अडचण वेबजीएलने दूर केली. २०११ च्या या मानकामुळे ब्राउझरलाच त्रिमिती चित्रे काढता येऊ लागली. पुढे त्रिमिती वस्तूंची ने-आण करायला जीएलटीएफ हा फाइलप्रकार आला आणि २०२२ साली तोही आंतरराष्ट्रीय मानक झाला. आता साध्या स्मार्टफोनवर, काहीही न बसवता, एखादा दगड बोटाने गोल फिरवून पाहता येतो.

पवनीसारख्या ठिकाणी या तंत्राला खरे काम आहे. इथला स्तूप टप्प्याटप्प्याने वाढत गेला. त्याचे थर, काटछेद, मापे १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या उत्खनन अहवालात आहेत. १९९४ साली पुन्हा उत्खनन झाले, त्याचाही अहवाल निघाला. एकाच जागी कालखंडामागून कालखंड कसा चढला, हे कागदावरच्या आकृतीतून तज्ज्ञाला समजते. शाळेतल्या मुलाला मात्र वरचा थर बाजूला सारून खालचा दिसायला हवा. स्तंभांची प्रतिरूपे घडवायची तर छायाप्रतिमिती वापरतात. एका दगडाची सगळ्या बाजूंनी, एकमेकांवर चढतील अशी शे-दोनशे छायाचित्रे काढायची आणि त्यांतल्या समान बिंदूंवरून संगणकाने आकार मोजायचा. लाखो त्रिकोणांची जाळी तयार होते. ती विरळ करून, बारकावे रंगाच्या पातळ थरात उतरवून फाइल हलकी करतात. मग स्तंभ प्रदक्षिणापथावर उभा करून दानलेखाला त्याचे वाचन, नागाला त्याची कथा आणि प्रत्येक थराला अहवालातले त्याचे पान जोडायचे. सपाट पानेही राहतात, फक्त त्यांच्याकडे जाण्याची वाट स्तूपाभोवतून जाते.

या कामात मोह एकच, न उरलेला भागही देखणा करून दाखवण्याचा. स्तूपाचा पाया मोजता येतो, वरचे अंड म्हणजे घुमट आणि छत्र मात्र तर्कानेच उभे करावे लागतात. वारशाच्या संगणकीय दृश्यांसाठी तयार झालेली ‘लंडन सनद’ सांगते की पुरावा कुठे संपतो आणि अंदाज कुठे सुरू होतो, हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे. म्हणून सापडलेल्या विटा विटांच्या रंगात दाखवायच्या आणि अंदाजाचा घुमट फिकट, आरपार दिसेल असा ठेवायचा. शिवाय तो एका क्लिकसरशी काढून टाकता आला पाहिजे.