चुकांची वही

आमच्या बँकेत दिवसअखेरची टॅली लागल्याशिवाय कुणी घरी जायचे नाही, असा दंडक होता. फरक सव्वा लाखाचा असो की नऊ रुपयांचा, सगळे पुन्हा व्हाउचरे उपसायला बसत. फरकाला नवाने नि:शेष भाग गेला, की आमचे जुने हेडक्लार्क चष्मा कपाळावर ढकलून म्हणत, “कुणीतरी आकडे उलटे टाकलेत. ५६ चे ६५ झाले असतील, बघा.” आणि बहुधा तसेच निघे. निवृत्तीनंतर लेजरे सुटली, पण ती नजर काही सुटली नाही. अलीकडे तिला खाद्य मिळते ते अमेरिकेतल्या जुन्या विनोदी मालिकांचे. या उद्योगात माझी भागीदार आहे माझी नात.

सुरुवात तिनेच केली. एका संध्याकाळी ‘फ्रेंड्स’ बघता बघता ती ओरडली, “आबा, मोनिकाच्या दारावर पाच नंबर होता ना? आता वीस आहे!” मागे जाऊन पाहिले, तर खरेच. आरंभीच्या भागांत ५, पुढे २०. समोरच्या बिऱ्हाडाचेही ४ चे १९ झालेले. खिडकीबाहेरचे दृश्य वरच्या मजल्याचे, आणि पाच नंबरची जागा तर खाली हवी. म्हणून पाट्या बदलल्या गेल्या. त्या दिवशी आम्ही एक वही घातली.

अशा चुका होतात तरी कशा? एकच प्रसंग चार-पाच वेळा चित्रित होतो आणि त्यातले उत्तम तुकडे जोडले जातात. मग एका तुकड्यात भरलेला कप दुसऱ्यात रिकामा दिसतो. हे सांभाळायला सेटवर खास माणूस टिपणे घेत बसलेला असतो. पण तोही माणूसच. शिवाय वर्षाला वीस-पंचवीस भाग, लेखक अनेक, आणि मागच्या वर्षी कुणी काय लिहिले हे आठवायला सवड कुणाला?

पूर्वी ही चिंताही नव्हती. टेलिव्हिजनच्या आरंभीच्या काळात पुष्कळसे कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत आणि हवेत विरून जात. १९५१ साली ‘आय लव्ह लुसी’ सुरू झाली ती मात्र प्रेक्षकांसमोर, तीन कॅमेरे लावून, फिल्मवर चित्रित होऊन. फिल्म टिकली, भाग पुन:पुन्हा दाखवता आले, आणि चुका पकडणाऱ्यांची जमात जन्माला आली. चूक सापडायची तर आधी वही जपलेली असावी लागते! लुसीचा पत्ता होता ६२३, ईस्ट ६८वा रस्ता, न्यूयॉर्क. प्रत्यक्षात तो रस्ता इतक्या क्रमांकापर्यंत पोहोचतच नाही. हिशेबाने लुसीचे घर ईस्ट रिव्हर नदीत येते.

आमच्या वहीतले माझे आवडते पान ‘मॅश’चे. कोरियातले युद्ध चालले तीन वर्षे, १९५० ते १९५३. त्यावरची ही मालिका चालली अकरा, १९७२ ते १९८३. कर्नल पॉटर छावणीत रुजू होतात १९ सप्टेंबर १९५२ रोजी, आणि पुढल्या एका भागात १९५१ हे सबंध साल तिथेच काढताना दिसतात. रुजू होण्याआधी हजेरीपटावर वर्षभर सह्या! आमच्या बँकेत चौकशी लागली असती.

कधी चूक हीच गोष्ट होऊन जाते. ‘चीअर्स’ या मालिकेत डॉक्टर फ्रेझर सांगतो की त्याचे वडील शास्त्रज्ञ होते आणि वारले. १९९३ साली त्याची स्वतंत्र मालिका निघाली, तर तिथे वडील धडधाकट जिभेचे निवृत्त पोलीस, मुलाच्याच घरी राहायला आलेले. दोन वर्षांनी जुना मित्र सॅम भेटीला येतो आणि वडिलांसमोरच विचारतो, हे तर वारले होते ना? फ्रेझर ओशाळून कबूल करतो, त्या वेळी भांडण झाले होते, रागाच्या भरात बोललो. लेखकांनी दुरुस्तीची नोंद अशी केली, की बापलेकांमधला सारा अबोला त्यात दिसला.

सगळ्यांच्या वाट्याला मात्र ही दुरुस्ती येत नाही. १९७४ साली सुरू झालेल्या ‘हॅपी डेज’मध्ये कनिंगहॅम कुटुंबाला तीन मुले होती. थोरला चक हातात बास्केटबॉल घेऊन घरात ये-जा करायचा. दुसऱ्या वर्षानंतर तो दिसेनासा झाला. कुणी त्याचे नावही काढीना. १९८४ साली शेवटच्या भागात वडील समाधानाने बोलतात ते दोनच मुलांविषयी. ज्या रकमेचा धनी सापडत नाही ती आम्ही सस्पेन्स खात्यात टाकत असू. पण ती तिथे दिसायची तरी. चकला तेही खाते मिळाले नाही.

हे वाचून मी हसलो नाही, कारण माझ्याही वहीत अशी एक नोंद आहे. माझ्या एका कादंबरीत तिसऱ्या प्रकरणात वारलेली मावशी अकराव्या प्रकरणात ओट्याशी लसूण सोलत बसली होती. मी चार वेळा प्रुफे वाचली, मला दिसली नाही. एका वाचकाचे पोस्टकार्ड आले तेव्हा कळले. त्यात खवचटपणा नव्हता. लिहिले होते, ‘मावशी गेल्या तेव्हा दोन दिवस पुस्तक मिटून ठेवले होते. परत दिसल्या, बरे वाटले. चूक असेल तरी राहू द्या.’

मी राहू दिली नाही. दुसऱ्या आवृत्तीत मावशीला काढून टाकले. ते कार्ड मात्र अजून जपून ठेवले आहे. जिला मी, तिचा लेखक, विसरलो होतो, तिची आठवण एका परक्या माणसाने ठेवली होती.

परवा नातीने वहीत ‘हॅपी डेज’चे पान लिहिले. चकच्या नावापुढे चूक असे न लिहिता तिने प्रश्नचिन्ह काढले आणि खाली जागा मोकळी सोडली. “कधी परत आला तर लिहायला,” म्हणाली.