अनाथ पॅकेजांचे पालक

गावात विहीर बांधली गेली म्हणजे ती बांधविणाऱ्याचे नाव शिळेवर कोरले जाते. परंतु पुढे वर्षानुवर्षे, वैशाखात पाणी तळाशी गेले असता, दोराच्या आधाराने आत उतरून गाळ उपसणाऱ्या माणसाचे नाव कोणत्याही शिळेवर आढळत नाही. वस्तुतः विहिरीचे पाणी गोड राहते ते या दुसऱ्या माणसामुळे. संगणकाच्या जगातही असे गाळ उपसणारे आहेत. त्यांची ओळख वाचकांस करून देण्याचा येथे विचार आहे.

संगणक हे यंत्र सॉफ्टवेअरवाचून निर्जीव होय. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने अशा सॉफ्टवेअरचा एक गाभा लिहिला व तो सर्वांस खुला केला. तोच लिनक्स. आपल्या घरात अँड्रॉइडचा मोबाईल असेल, तर त्याच्या पोटातही हाच गाभा आहे. परंतु पाया घातला म्हणजे घर झाले असे नव्हे. पत्र लिहिणे, हिशेब ठेवणे, चित्र पाहणे, छपाई करणे, या प्रत्येक कामासाठी निरनिराळ्या माणसांनी निरनिराळ्या देशांत वेगवेगळे प्रोग्राम लिहिले. ते सारे एकत्र आणून, एकमेकांशी जुळवून, सामान्य माणसाच्या हाती द्यावयाचे कोणी?

हे काम करणाऱ्या संग्रहास डिस्ट्रिब्युशन म्हणतात. १६ ऑगस्ट १९९३ रोजी अमेरिकेतील इयन मर्डॉक या तरुण विद्यार्थ्याने अशा एका संग्रहाची घोषणा केली. पुढे त्याची पत्नी झालेल्या डेब्राचे नाव व आपले नाव जोडून त्याने त्यास ‘डेबियन’ म्हटले. आज डेबियनचा कोणी मालक नाही. जगभर पसरलेले सुमारे हजार सभासद व त्यांना साह्य करणारे इतर अनेक जण तो चालवितात. आपला प्रमुख ते दरवर्षी मतदानाने निवडतात. जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आवृत्तीत चौसष्ट हजारांहून अधिक पॅकेजे होती. उबुंटू हा लोकप्रिय संग्रह व आपल्या देशातील सी-डॅक संस्थेने तयार केलेला ‘बॉस’ हे दोन्ही डेबियनच्याच पायावर उभे आहेत.

सांभाळणाऱ्याचे काम

पॅकेज म्हणजे एखाद्या प्रोग्रामचे नीट बांधलेले गाठोडे. त्याची काळजी वाहणाऱ्यास मेंटेनर, म्हणजे सांभाळणारा, असे म्हणतात. प्रोग्राम त्याने लिहिलेला नसतो; लिहिणारा दुसराच कोणी असतो. तथापि प्रोग्राम आपल्यापर्यंत धडपणे पोहोचतो तो सांभाळणाऱ्याच्या कष्टांमुळे.

मूळ लेखकाने नवी आवृत्ती काढली की सांभाळणारा ती उतरवून घेतो आणि काय बदलले ते पाहतो. प्रत्येक भाग वाटण्यास लेखकाची परवानगी आहे काय, हे तपासून तो त्याची नोंद करतो. या प्रोग्रामला आणखी कोणकोणत्या पॅकेजांची गरज लागते, याची यादी तो लिहितो; त्यात एक नाव चुकले तर कोणा परक्याच्या संगणकावर प्रोग्राम उघडणारच नाही. मग निरनिराळ्या जातींच्या यंत्रांवर पॅकेज बांधले जाते. ते प्रथम ‘अनस्टेबल’ नावाच्या कोठारात पडते. तेथे काही दिवस गंभीर दोष आढळला नाही, तर ‘टेस्टिंग’ मध्ये जाते. आणि सुमारे दोन वर्षांनी ‘स्टेबल’ या पक्क्या आवृत्तीत त्यास स्थान मिळते.

मधल्या काळात लोकांची गाऱ्हाणी येतच असतात. ती डेबियनच्या खुल्या वहीत नोंदली जातात व कोणासही वाचता येतात, कारण आपले दोष लपवावयाचे नाहीत, असा शब्द या मंडळींनी १९९७ सालच्या आपल्या सामाजिक करारात दिलेला आहे. प्रत्येक गाऱ्हाण्यास उत्तर देणे, मूळ लेखकास कळविणे, दुरुस्ती करणे, हे सारे दिवसाची नोकरी आटोपल्यावर बहुधा रात्री चालते. त्याबद्दल डेबियन वेतन देत नाही.

नवख्यास येथे एकदम प्रवेश नाही. त्याने बांधलेले पॅकेज आधी एखादा अनुभवी सभासद तपासतो व स्वतःच्या सहीने कोठारात घालतो. पुढे पूर्ण सभासद व्हावयाचे, तर कार्यपद्धती व कौशल्य यांविषयी दीर्घ प्रश्नोत्तरे होतात. सभासदाची सही संगणकीय असते. परंतु ती त्याचीच, याची खात्री इतर सभासद शक्यतो त्यास समक्ष भेटून व ओळखपत्र पाहून करून घेतात.

आणि एखाद्याला भार पेलवेनासा झाला तर? घरी मूल जन्मते, आजारपण येते, नोकरी बदलते. अशा वेळी त्याने तसे जाहीर करावे, हीच रीत. मग ते पॅकेज ‘अनाथ’ म्हणून यादीत लिहिले जाते आणि कोणी पुढे येऊन त्यास ‘दत्तक’ घेईपर्यंत एक सामाईक गट त्याची जुजबी देखभाल करतो. हे दोन्ही शब्द आमच्या कल्पनेतले नव्हेत. डेबियनच्या रोजच्या व्यवहारातलेच आहेत. जो सभासद काही न सांगता दिसेनासा होतो, त्यास सौजन्याने पत्र लिहून विचारपूस करणारीही एक तुकडी आहे. भार खाली ठेवण्यात तेथे कमीपणा मानीत नाहीत.

एकट्यावर पडलेला भार

ही रीत किती मोलाची, हे दोन घटनांवरून कळेल.

२००६ साली डेबियनमधील ओपनएसएसएल या पॅकेजात सांभाळणाऱ्याकडून एक बदल झाला. गुप्त किल्ल्या बनविणारे हे पॅकेज. तपासणीचे एक साधन कुरकुर करीत होते, म्हणून काही ओळी काढल्या गेल्या. मूळ मंडळींकडे विचारणाही झाली होती. परंतु धोका कोणाच्या ध्यानी आला नाही. परिणामी एका प्रकारच्या केवळ बत्तीस हजारांच्या आसपास वेगवेगळ्या किल्ल्या बनू शकत होत्या, व त्या सर्व हुडकून काढणे सोपे होते. मे २००८ मध्ये डेबियनच्याच एका सभासदास हे आढळले. मंडळींनी दोष उघडपणे जाहीर केला आणि असंख्य लोकांना आपल्या किल्ल्या पुन्हा बनवाव्या लागल्या.

दुसरी घटना अधिक गंभीर आहे. माहिती दाबून लहान करणारे ‘एक्सझेड’ नावाचे एक साधन अगणित संगणकांवर असते. त्याचा मूळ लेखक वर्षानुवर्षे जवळजवळ एकटा, विनावेतन ते सांभाळीत होता व थकला होता. उशीर का, असा तगादा त्यास अनोळखी नावांनी सुरू झाला. अशा वेळी ‘जिया टॅन’ या नावाने कोणी मदतीस आला. त्याने दोन वर्षांहून अधिक काळ नेकीने काम केले, विश्वास संपादन केला, आणि २०२४ च्या आरंभी त्याच हाताने त्या साधनात चोरदरवाजा बसविला. नावामागे कोण होते, हे आजवर उघड झालेले नाही.

अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या एका अभियंत्यास, डेबियनच्या ‘अनस्टेबल’ आवृत्तीवर काम करीत असता, दूरच्या संगणकात प्रवेश करण्यास अर्धा सेकंद जास्त लागतो, असे जाणवले. केवळ अर्धा सेकंद! दुसऱ्याने दुर्लक्ष केले असते. त्याने मुळाशी जाऊन शोध घेतला. २९ मार्च २०२४ रोजी, त्या वर्षीच्या गुड फ्रायडेला, त्याने ही गोष्ट जगास कळविली. दूषित आवृत्ती डेबियनच्या पक्क्या कोठारापर्यंत अद्याप पोहोचली नव्हती. अनर्थ टळला.

या घटनेचा दोष त्या थकलेल्या लेखकास देणे अन्यायाचे होईल. सहस्रावधी कंपन्या ज्याच्या श्रमावर विसंबून होत्या, त्या माणसास तुझे कसे चालले आहे, असे विचारण्याची जबाबदारी कोणाची होती? फुकट मिळालेल्या वस्तूचे मोल कोणीतरी कोठेतरी देतच असतो. त्याचा भार आपण वाटून घेतला नाही, तर तो वाटून घेण्यास भलताच कोणी येतो.

वाचक म्हणतील, यात आम्ही खेड्यातल्या माणसांनी काय करावे? वाटते तितके हे दूरचे नाही. संगणकावर डेबियन बसविताना दिसणाऱ्या सूचना मराठीतही वाचता येतात, त्या कोणीतरी बसून भाषांतरित केल्या म्हणून. देवनागरी अक्षरे नीट उमटावी म्हणून ‘लोहित’ या टंकाचे पॅकेजही कोणी सांभाळतो आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये डेबियनची जागतिक परिषद प्रथमच भारतात, केरळातील कोची येथे भरली. आपल्या घरात महाविद्यालयात शिकणारा मुलगा वा मुलगी असेल, तर चुकलेला मराठी शब्द कळविणे, दोषाची नीट नोंद करणे, एखादे लहानसे अनाथ पॅकेज अनुभवी माणसाच्या हाताखाली दत्तक घेणे, हे त्यांच्या आवाक्यातले आहे. तेथे पदवी विचारीत नाहीत, काम पाहतात.

मात्र काम हाती घेण्यापूर्वी एक गोष्ट त्यांस अवश्य सांगावी. आरंभीच्या उत्साहात पाच पॅकेजे उचलण्यापेक्षा एकच घ्यावे, ते दरमहा पाहावे, आणि जमेनासे झाले की वेळीच दुसऱ्याच्या हाती सोपवावे.