‘नकुसा’ : एका स्त्रीनामाचा अर्थविचार

विशेषनामाला अर्थ असतो काय, हा प्रश्न भाषाशास्त्राच्या वर्गात दरवर्षी निघतो आणि त्याचे उत्तरही जवळजवळ ठरलेले असते. जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात असे प्रतिपादिले की, विशेषनाम व्यक्तीचा केवळ निर्देश करते, तिच्या कोणत्याही धर्माचे कथन करीत नाही. आपल्याकडे पतंजलीने शब्दांची प्रवृत्ती जाती, गुण, क्रिया व यदृच्छा अशी चार प्रकारची मानली, आणि यदृच्छाशब्दाचे उदाहरण म्हणून ‘डित्थ’, ‘डवित्थ’ ही निरर्थक नावे शास्त्रग्रंथांतून रूढ झाली. ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ ही आपली म्हणही एका परीने हेच सांगते. सोनुबाईपाशी सोने असेलच असे कोणी धरून चालत नाही.

‘नकुसा’ हे नाव मात्र या सिद्धान्तात सहजासहजी बसत नाही. सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ते मुख्यतः आढळते. एकीपाठोपाठ एक मुली झालेल्या घरात तिसऱ्या, चौथ्या किंवा त्यापुढच्या मुलीला ते ठेवले जाते. एकंदर मराठी समाजाचा विचार करता ते विरळच म्हटले पाहिजे. ‘नकुशी’, ‘नकोशी’, ‘नकुसाबाई’ ही त्याची इतर रूपे. त्याच्या अर्थासाठी कोश उघडावा लागत नाही, आणि हीच त्यातील अडचण आहे.

प्रथम रूपाचा विचार करू. मूळ शब्द ‘नको’. हे मराठीतील एक विलक्षण क्रियारूप आहे. त्याला काळ नाही; नको, नकोस, नका, नकोत एवढाच त्याचा संसार. मराठीच्या सहवासात वाढलेल्या दखनी बोलीनेही ते उचलले, ते बहुधा या आटोपशीरपणामुळेच असावे. ‘नको’ची वाक्यरचना लक्षपूर्वक पाहिली पाहिजे. ‘मला चहा नको’, ‘त्याला ही कटकट नको’ अशा वाक्यांत ज्याला वस्तू नको आहे तो चतुर्थीत असतो, आणि जी नको आहे ती वस्तू प्रथमेत. म्हणजे ‘नको’ या शब्दाबरोबर ‘कोणाला?’ हा प्रश्न नेहमीच उभा राहतो. त्याला ‘सा’ हा प्रत्यय लागून ‘नकोसा’ हे विशेषण होते. ‘मोठासा’, ‘हवासा’ यांतील हाच तो ‘सा’. तो मूळ शब्दाची धार थोडी बोथट करतो व गोष्ट वाटण्याच्या पातळीवर आणून ठेवतो. ‘नकोसा’ हे वस्तूच्या ठिकाणी असलेल्या गुणाचे नाव नव्हे. ती कोणाला तरी तशी वाटते, एवढेच त्यात सांगितलेले असते. पण या विशेषणाचे नाव होताच चतुर्थीचे पद गळून पडते. ज्यांना मुलगी नको होती ते सासू, सासरे, बाप, कधी आईसुद्धा, वाक्यातून निघून जातात आणि उरते ती केवळ प्रथमेतील मुलगी. पतंजलीच्या चौकटीत बोलायचे तर हा गुणशब्द आहे खरा. पण गुण आहे पाहणाऱ्याचा आणि नाव मात्र पाहिली जाणारीचे.

‘नकुसा’ की ‘नकुशी’, हाही किरकोळ भेद नाही. आद्य अक्षरानंतरच्या ‘ओ’चा ग्रामीण उच्चारात ‘उ’ होणे समजण्यासारखे आहे. परंतु नकोसा, नकोशी, नकोसे या लिंगानुसारी मालिकेत स्त्रीलिंगी रूप ‘शी’ हेच असावयास हवे. असा-अशी, कसा-कशी याप्रमाणे. मग मुलीचे नाव ‘नकुसा’ कसे? प्रस्तुत लेखिकेला असे वाटते की, येथे विशेषणाने विशेषणपण टाकलेले आहे. हिरा, सोना, तारा, मंजुळा या आकारान्त स्त्रीनामांच्या पंक्तीत ते जाऊन बसले, आणि हिराबाई, सोनाबाई यांच्याच चालीवर ‘नकुसाबाई’ हे रूपही सिद्ध झाले. ‘नकुशी’ हे अजून निम्मे विशेषण आहे. ‘नकुसा’ हे पुरते नाव झालेले आहे.

येथे एक विपरीत योग नोंदवण्यासारखा आहे. पारस्कर गृह्यसूत्रानुसार मुलीचे नाव विषम अक्षरांचे, आकारान्त आणि तद्धितान्त असावे. ‘नकुसा’ त्र्यक्षरी आहे, आकारान्त आहे, आणि ‘सा’ला तद्धित मानण्यास फारशी अडचण नाही. (‘नको’ क्रियारूप असल्याने कोणी काटेकोर वैयाकरण हरकत घेईल, ती घ्यावी.) मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात स्त्रियांच्या नावाविषयी आणखी अटी आहेत. नाव उच्चारास सुखकर, कठोर नसलेले, स्पष्ट अर्थाचे, मन रमविणारे, मंगलवाचक, दीर्घस्वरान्त व आशीर्वादपर असावे, असे तेथे म्हटले आहे. यांतील उच्चाराच्या व अंत्य स्वराच्या अटी हे नाव पाळते, अर्थाच्या स्पष्टतेची तर पुरेपूर पाळते. आणि त्या स्पष्टतेमुळेच उरलेल्या अटी मोडते.

या नावाची गणना पुष्कळदा धोंडू, दगडू, केरू, भिकू या नावांबरोबर केली जाते. हा मोठा घोटाळा आहे. पहिली मुले दगावलेल्या घरात नवे मूल जगावे म्हणून त्याला दगड, केर किंवा भीक म्हणायचे. हेतू हा की, दृष्ट लावणाऱ्याला वा मृत्यूला ते टाकाऊ वाटावे. ही लपवणूक आहे, आणि जे फार मोलाचे तेच माणूस लपवतो. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या नावात ‘धोंडा’ आहे म्हणून त्यात कोणाला अनादर दिसत नाही. मुलींनाही अशी नावे मिळत. हैदराबाद मुक्तिसंग्रामात लढलेल्या दगडाबाई शेळके यांचे नाव त्याच घडणीचे आहे. ‘दगडाबाई’ आणि ‘नकुसाबाई’ ही नावे प्रत्ययाने सख्ख्या बहिणी दिसत असली, तरी एकीच्या बाबतीत दैवाला ‘हिला नेऊ नकोस’ असे सांगितले जाते, आणि दुसरीच्या बाबतीत ‘अशी आणखी देऊ नकोस’ असे. दोन्ही नावे मुलीला उद्देशून नाहीतच. ती दैवाशी केलेली बोलणी आहेत; मूल हे त्या निरोपाचे केवळ वाहक.

‘नथू’ हे नाव या संदर्भात अधिक बोलके आहे. जगत नसलेल्या मुलग्यांपाठी झालेल्या मुलाचे नाक टोचून त्यात नथ घालण्याची चाल होती, म्हणजे मृत्यूने त्याला मुलगी समजून सोडून द्यावे. मुलगी कोणालाच, मृत्यूलाही, नको असणार, हे गृहीत त्यामागे उघड दिसते. मुलग्याला ‘नथू’ म्हणणारी आणि मुलीला ‘नकुसा’ म्हणणारी समजूत एकच आहे.

अशी बोलणी केवळ मराठीतच झाली असे नाही. बंगालीत ‘आन्नाकाली’ हे जुन्या वळणाचे स्त्रीनाम आहे. त्याची फोड ‘आर ना, काली’, म्हणजे ‘आता आणखी नको, काली’. येथे तर देवतेचे संबोधनसुद्धा नावातच आहे. तमिळमधील ‘वेण्डाम्’ हे नाव म्हणजे अक्षरशः ‘नको’, आणि वाक्यरचनाही तीच, कारण तमिळमध्येही ज्याला नको तो चतुर्थीत असतो. तमिळमध्येच ‘पोदुम्पोण्णु’ म्हणजे ‘पुरे मुलगी’ असे नाव आहे. हरियाणातील ‘भतेरी’ म्हणजे पुष्कळ झाली, राजस्थानातील ‘धापू’ म्हणजे पोट भरले. चिनी भाषेतील ‘झाओदी’ आणि ‘लायदी’ या नावांत भावाला बोलावणे आहे. यांत तारतम्य केले पाहिजे. ‘पुरे’ म्हणणारे नाव निदान आधीच्या मुलींची मोजदाद करते, भावाला बोलावणारे नाव मुलीला काही काम तरी नेमून देते. ‘नको’ म्हणणारे नाव यांपैकी काहीच करीत नाही. ‘आन्नाकाली’ तरी उच्चारात इतके आटून गेले आहे की, फोड करून सांगितल्यावाचून ते कालीच्या एखाद्या रूपाचे नाव वाटावे. ध्वनिपरिवर्तनाने तेथे अर्थावर पडदा टाकला. मराठीत तो पडला नाही, कारण ‘नकोसा’ हा शब्द रोजच्या बोलण्यात जिवंत आहे. उकाडा नकोसा होतो, पाहुणा नकोसा होतो, जीव नकोसा होतो. दर वेळी नावाचा अर्थ पुन्हा उजळून निघतो.

हे नाव किती जुने, याचा विचार करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. सत्तरी ओलांडलेल्या नकुसाबाई खेड्यांतून भेटतात; तेव्हा गर्भाची लिंगपरीक्षा करणारी यंत्रे येण्याच्या फार आधीपासून ते चालत आलेले आहे. महाराष्ट्राने अशा परीक्षांवर १९८८ साली कायदा केला, केंद्राचा कायदा १९९४ सालचा. राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ च्या जनगणनेत ९४६ होती, २००१ मध्ये ९१३ झाली व २०११ मध्ये ८९४ वर आली. हे आकडे समोर असता, एखाद्या गावात ‘नकुसा’ हे नाव आता आढळत नाही एवढ्यावरून तेथे मुली हव्याशा झाल्या, असे अनुमान काढणे धाडसाचे होईल. हे नाव मिळण्यासाठीसुद्धा मुलीला जन्मास यावे लागते. नामाभ्यासात नावाची वारंवारता मोजतात. या नावाच्या बाबतीत नुसती वारंवारता फसवील.

सातारा जिल्ह्यात प्रशासनाने अशा मुलींचा शोध घेतला, आणि २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात झालेल्या समारंभात २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली. नवी नावे मुलींनी निवडली. ऐश्वर्या, सावित्री, वैशाली अशी ती होती. एरवी बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, आणि त्यात बाळाचे मत विचारात घेण्याचा प्रश्नच नसतो. लग्नात नाव बदलण्याची आपली चाल जुनी, पण तेथेही निवड सासरची; यमुनेची आनंदीबाई जोशी झाली ती अशीच. धारण करणारीने स्वतः नाव निवडावे, हा प्रकार मराठी नामकरणाच्या इतिहासात दुर्मीळ आहे.

दूरचित्रवाणीनेही हे नाव उचलले. २००९ साली सुरू झालेल्या ‘लागी तुझसे लगन’ या हिंदी मालिकेची नायिका ‘नकुशा’ होती. पुढे २०१६ मध्ये आलेल्या मराठी मालिकेच्या शीर्षकात ‘नकुशी’च्या जोडीला ‘तरीही हवीहवीशी’ असे प्रतिपद घालावे लागले. व्याकरणदृष्ट्या हे योग्यच झाले. विशेषणाला उत्तर विशेषणानेच दिले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात प्रथम वर्षाच्या वर्गाची हजेरी घेताना हे नाव आले. मी ते उच्चारले. मागच्या बाकांवर हसू फुटले, ‘हजर’ मात्र ऐकू आले नाही. तास संपल्यावर ती विद्यार्थिनी दाराशी थांबली होती. ‘मॅडम, माझा नुसता नंबर घेत जा,’ एवढेच ती म्हणाली. घरी कोणत्या नावाने हाक मारतात, असे मी विचारले. ‘ह्याच. घरी काही वाटत नाही,’ हे तिचे उत्तर होते.

या उत्तराचा विचार मी पुढे पुष्कळ केला. घरी, जेथे हे नाव ठेवणारे आणि का ठेवले ते जाणणारे होते, तेथे ते वापराने झिजून डित्थ-डवित्थासारखे झाले होते. मिलचा सिद्धान्त त्या घरात पूर्णपणे खरा होता. वर्गात ती कोण हे कोणालाच ठाऊक नव्हते. तिची ओळख व्हावयाची होती ती त्या शब्दानेच. तेथे नाव पुन्हा विशेषण झाले. अर्थ नाहीसा होतो तो सहवासाने, आणि अपरिचितांपुढे तो परत येतो. शाळेचे दप्तर, दवाखान्याची चिठ्ठी, बँकेची खिडकी, सासरचा उंबरा, जेथे जेथे ही मुलगी नवी असते तेथे तेथे तिला हा अर्थ नव्याने सोसावा लागतो. साताऱ्याच्या मुलींनी निवडलेल्या नावांकडे या दृष्टीने पाहावे. ‘वैशाली’ हे मूळचे एका प्राचीन नगरीचे नाव. पण ते ऐकून नगरी कोणाला आठवत नाही. त्या मुलींना सुंदर अर्थ हवा होता, असे वृत्तपत्रांनी लिहिले. मला वाटते, ज्याचा अर्थ कोणी काढीत बसत नाही असे नाव त्यांना हवे असावे. सोनुबाईला मिळालेली सवलत त्यांनाही हवी होती.

नामाभ्यासाकडे वळू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक सूचना करून ठेवते. हे नाव नोंदताना मुलीचा जन्मक्रम, नाव कोणी ठेवले, घरातील हाकेचे नाव व कागदोपत्री नाव, तसेच ‘सा’ की ‘शी’ हे रूप, एवढे अवश्य टिपावे. गाव व आडनाव आपल्या वहीतच ठेवावे. ज्यांनी नाव बदलले आहे, त्यांचे जुने नाव त्यांच्यादेखत उच्चारू नये. प्रश्न विचारावयाचा झाल्यास ‘आधीचे नाव’ असे म्हणावे.