विटांतून उभे राहणारे स्वनातीत विमान

बेंगळूरमधील जयनगर ही १९४८ सालापासून चौकोनी आखणीने वसविलेली वस्ती होय. अशा वस्तीतील एखाद्या घरी मेजावर प्लॅस्टिकच्या २,०८३ तुकड्यांतून काँकॉर्ड विमान उभारणे आज शक्य झाले आहे. डेन्मार्कच्या लेगो कंपनीने २०२३ साली काढलेल्या संचातील ही प्रतिकृती सुमारे १०५ सेंटिमीटर लांब भरते. मूळ विमान जवळजवळ ६२ मीटर लांब होते. म्हणजे प्रतिकृती मूळ विमानाच्या साधारण एकसाठांश होय.

लेगोच्या विटांवरील शेजारच्या दोन गुंड्यांच्या मध्यांतील अंतर ८ मिलिमीटर ठरलेले असते. या चौकटीत वळणदार पंख बसवावयाचा तर पातळ पट्ट्या पायरीपायरीने मांडाव्या लागतात. काँकॉर्डच्या पंखाचे ते वळण शोभेसाठी नव्हते. ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाताना अरुंद, पातळ पंखास हवेचा रोध कमी होतो. परंतु मंद वेगात पुरेशी उचल मिळावी म्हणून विमानास नाक बरेच वर करावे लागते, आणि मग वैमानिकास धावपट्टी दिसेनाशी होते. म्हणून उतरताना हे नाक १२.५ अंशांनी खाली झुकवीत. प्रतिकृतीतही ते झुकते. एक गुण साधताना दुसरीकडे किंमत द्यावी लागते, हे जुळविणाऱ्याच्या बोटांनाच कळते.

प्रतिकृतीवरून शिकण्याची रीत बेंगळूरला नवी नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी जर्मनीत प्रांड्टल यांच्यापाशी अध्ययन केले. त्यांनी बेंगळूर येथे आखलेले एचटी-२ हे शिकाऊ विमान १९५१ साली उडाले. पुढे 'मरुत' हे लढाऊ विमान १९६१ साली उडण्यापूर्वी त्याची लाकडी, पूर्ण आकाराची, एंजिनरहित प्रतिकृती १९५९ साली हवेत तपासण्यात आली. आकार उत्तम ठरला. परंतु योग्य एंजिन न मिळाल्याने ध्वनीच्या दुप्पट वेगाचे उद्दिष्ट हाती आले नाही.

काँकॉर्डची अडचण निराळी होती. १९७६ साली सुरू झालेली त्याची प्रवासी वाहतूक २००३ साली थांबली. इंधनाचा खर्च प्रचंड होता, आणि ध्वनिस्फोटामुळे अनेक देशांनी आपल्या भूमीवरून स्वनातीत उड्डाणास मनाई केली होती. एअर इंडियाने दोन काँकॉर्ड विमानांसाठी हक्क राखून ठेवला होता. ती विमाने कधीच आली नाहीत.

प्रतिकृती आकार दाखविते. इंधनाचा खर्च आणि स्फोटाचा आवाज दाखवीत नाही. शेवटची वीट बसल्यावर या दोन गोष्टींचाही विचार करणारा विद्यार्थी खेळाकडून शास्त्राकडे वळला, असे म्हणता येईल.